आमेन म्हणणारी मावशी

माझी मावशी काज-बटण करते. शिंप्याच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे तिचं स्टूल आहे. त्यावर बसून ती हाताने काजं करते, बटणं लावते, आणि सगळे तिला काजमावशीच म्हणतात. मी तिची भाची. त्याच दुकानात कटिंग करते, म्हणून तिची रडगाणी आधी माझ्याच कानावर येतात.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी दर गुरुवारी दुपारी आजाऱ्यांना भेटायला जातात. एकीने प्रार्थना करायची आणि दुसरीने शेवटी आमेन म्हणायचं, अशी पद्धत. मावशी अकरा वर्षं दुसरीच राहिली. पहिल्या म्हणजे बाई. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा काही त्यांनी सोडली नव्हती. उपासनेत कुणी प्रार्थना करताना चुकलं, की मिटल्या डोळ्यांनीच त्या बोटाने बाकावर टक्‌ करायच्या. ती टक्‌ ऐकली की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

मावशीला त्या टक्‌चा प्रसाद फार पूर्वीच मिळाला होता. एका लग्नघरी कुणीतरी तिला आग्रहाने प्रार्थनेला उभं केलं. तिने ऐकलेल्या बहुतेक प्रार्थना मयताच्या घरच्या. घाबरून तिने तीच सुरू केली, "प्रभू, या दुःखात या कुटुंबाला धीर दे." नवरदेव हसला, नवरी रडायला लागली, आणि बाई टक्‌ करून म्हणाल्या, "अगं, हे लग्न आहे." त्या दिवसापासून चारचौघांत मावशीच्या तोंडून आमेनखेरीज एक शब्द निघाला नाही.

आणि मग बाईंनाच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणल्याला तीन गुरुवार झाले, तरी पाळकसाहेब सोडले तर मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. एकीची दाढ दुखत होती, एकीच्या घरी पाहुणे होते. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जिने गावभराच्या उशाशी बसून प्रार्थना केली, तिच्या उशाशी बसायची कुणाची छाती नव्हती. मला याचा फार राग आला होता, पण गेले मीही नव्हतेच.

रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मावशीला गाठलं. "बाईंनी खाणं सोडलंय. मी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर आठवडाभर काढणं कठीण आहे. गुरुवारी तुम्ही जा."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. "मी? साहेब, मी तिसरी पास आहे. मला बोलता येत नाही."

"देवाने तुमच्याकडे मार्कशीट मागितलीय का?"

"देवाने नाही. पण बाई मागतील."

पाळकसाहेब हसले नाहीत. "दुसरं कुणी जात नाहीये, काजमावशी," एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मावशीला जेवण जाईना. "मी चुकले आणि बाईंनी त्या धक्क्यानेच डोळे मिटले तर?" हे ती दिवसातून दहा वेळा विचारायची. मंगळवारी तर तिने कहर केला. एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाला बटणाच्या बाजूला काजं पाडली, चारच्या चार. चुकीचा टाका उसवता येतो, पण कापलेलं काज परत सांधता येत नाही. शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला. मावशी मात्र मला हळूच म्हणाली, "बघ, अकरा वर्षं जिभेला भीत होते, आता हातही गेला." मग मीच एक प्रार्थना कागदावर लिहून काढली आणि पाढे घोकावेत तशी तिच्याकडून घोकून घेतली.

गुरुवारी तीन वाजता आम्ही बाईंच्या दारात उभ्या होतो. सुनेने आत नेलं. खोलीला औषधाचा वास होता, आणि उशाजवळच्या वाटीतल्या सूपावर साय धरली होती. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खांदे एवढेसे झाले होते.

मावशी खुर्चीच्या टोकाशी बसली. कागद पिशवीतच राहिला. तिने डोळे मिटले, श्वास घेतला, आणि मोठ्याने म्हणाली, "आमेन."

झालं. अकरा वर्षांच्या सवयीने घात केला. सुनेने तोंडाला पदर लावला. मावशी पांढरीफटक पडली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आणि पलंगाच्या कडेवर आवाज आला. टक्‌.

बाईंनी मान वळवली होती. वळवता वळवता घोरल्यासारखा श्वास निघाला, पण वळवली. डाव्या हाताचं बोट पलंगाच्या दांड्यावर होतं, आणि डोळे थेट मावशीवर. "तीन आठवड्यांत पहिल्यांदा," सून पुटपुटली.

मावशी उठून पळणार अशी माझी खात्री होती. पण तिची नजर बाईंच्या गळ्याशी अडकली. ज्यांची कॉलर कधी उघडी दिसली नाही, त्यांच्या गाऊनला गळ्यापाशी सेफ्टी पिन लावलेली.

"बटणं बारीक आहेत," सून ओशाळून म्हणाली. "त्यांना एका हाताने लावता येत नाहीत. मी लावायला गेले तर हात झटकतात."

मावशीने पिशवीतून डबी काढली. कोटाची दोन मोठी बटणं निवडली, सुई ओवली, पिन काढली आणि खुर्ची पुढे ओढली. काजं कात्रीने जरा वाढवून ती कडेने टाके घालू लागली. हात चालायला लागले तशी जीभही सुटली. दुकानात ती अशीच पुटपुटत असते. टाके मोजते आहे असं मला इतकी वर्षं वाटायचं.

"प्रभू, मी या बाईंना भिते. आजही भिते. पण यांनी मला अकरा वर्षं बरोबर नेलं, घरी बस म्हणाल्या नाहीत. माझ्या आईच्या उशाशी याच बसल्या होत्या. यांना जेवू दे. यांना भिंतीकडे बघायला लावू नकोस, तिथं काही नाही. मला शब्द येत नाहीत, तुला ठाऊक आहे. तू आपलं समजून घे."

व्याकरणाचं काही विचारू नका. मी बाईंच्या बोटाकडे जीव मुठीत धरून बघत होते. ते दोनदा उचललं गेलं, पण दांड्यावर आपटलं नाही.

दुसऱ्या बटणाचा दोरा मावशीने दाताने तोडला आणि ती गप्प झाली. बोलणं संपलं होतं, आणि शेवटचा शब्द तर ती आधीच खर्चून बसली होती. बाईंचे डोळे वाहत होते. डावा हात चाचपडत गळ्याशी गेला, बटण धरलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा काजात गेलं.

मग त्यांचे ओठ वाकडे झाले. "आ," त्या म्हणाल्या. बराच वेळ काही नाही. "आ… मे."

मावशीने सुई छातीशी पदरात खोचली आणि डोळे पुसले. "सूनबाई, सूप जरा गरम करून आणता का?" ती म्हणाली. "आणि बाई, पुढच्या गुरुवारी मी परत येते. तेव्हा आमेन तुम्हीच म्हणायचं."