दातवाल्याचा बोगदा

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. तो डॉक्टर नव्हे. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात आणि हा मागच्या खोलीत बसून त्यावरून दात घडवतो. चाळीस वर्षं हेच काम. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या हातच्या दातांनी हसतात आणि रस्त्यात समोर आला तर त्याला ओळखत नाहीत, कारण त्यांनी त्याला कधी पाहिलेलंच नसतं. तो मात्र ओळखतो. एखाद्या लग्नात पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईंकडे बघत माझ्या कानाशी लागतो, "वरची माझी. खालची कोणाची कोण जाणे, भिकार आहे." गल्लीत त्याला सगळे दातवालाच म्हणतात.

या माणसाला नाद एकच, नाताळातलं गाव. डिसेंबर लागला की बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून तीन टेबलं जोडायची आणि त्यांवर रूळ, स्टेशन, चर्च, पूल, घरं मांडायची. विजेवर चालणारी छोटी आगगाडी त्यातून फिरते. घरातल्या प्रत्येकाने दरवर्षी एक नवी वस्तू करून घालायची असा शिरस्ता आहे, त्यामुळे प्रमाणाच्या नावाने बोंब. भाचीची बेकरी चर्चपेक्षा उंच आहे, आणि मी केलेल्या शाळेत शिरायचं तर हेडमास्तरांना रांगावं लागेल. घरांच्या भिंती दातांच्या प्लास्टरच्या, म्हणून पिवळट. कौलं कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याची. पाहणाऱ्यांना त्या रंगात काहीतरी ओळखीचं वाटतं, पण ते आपल्याच तोंडात आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

गाव सगळ्यांचं असलं, तरी गाडी चालवायची ती आईने. पस्तीस वर्षं बटणांच्या पेटीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सहाला शेजारीपाजारी जमतात, आई खुर्चीत बसते, गाडी सुटते. कोणी वेग वाढव म्हटलं तर ती मुद्दाम कमी करते.

यंदा नोव्हेंबरात आई न्हाणीघराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड तडकलं. वय अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पलंग, पाठीशी उशी चालेल, उठायचं नाव नको. म्हणजे नाताळ पलंगावरच.

भावाने पलंगासकट तिला बैठकीत आणायचं ठरवलं. पलंग दारातून जाईना, आणि ती म्हणाली, "मी काय कपाट आहे?" मग गावच तिच्या खोलीत मांडू म्हणाला. त्या खोलीत पलंग, औषधांचं स्टूल आणि चालायला वीतभर जागा. तेव्हा आईने शांतपणे सांगून टाकलं, "गाडी तूच चालव आता. मी गेल्यावर करायचंच आहे, आत्तापासून सवय होईल."

आमच्या आईचं बोलणं असंच, कात्रीसारखं. मी उलट बोलले असते.  भावाने पुढचे दोन दिवस एकाही कवळीला हात लावला नाही, डॉक्टरांचे फोन घेतले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला घेऊन आला.

आईचा पलंग त्याच भिंतीच्या पलीकडे आहे जिच्या अलीकडे गावाची टेबलं लागतात. भावाच्या डोक्यात आलं होतं की भिंतीला भोक पाडायचं, गाडी आत न्यायची, आईच्या उशीलगत एक फळी ठोकून त्यावर शेवटचं स्टेशन बांधायचं, तिथून गाडी उलट्या चालीने परत. आई येत नाही तर गाडी जाईल, आणि पेटी आईच्याच हातात राहील. भावजय म्हणाली, "दिवाळं काढा एकदाचं घराचं. रंग लावून वर्ष नाही झालं." पण गवंड्याला चहा तिनेच दिला आणि भोक कुठे पाडायचं तेही तिनेच पेन्सिलीने आखलं, कारण विजेची तार भिंतीत कुठून गेली आहे हे त्या घरात फक्त तिला माहीत आहे.

गवंड्याने डोकं जाईल एवढं भोक पाडलं आणि सल्ला दिला की बोगद्याला दोन्ही बाजूंनी चार चार बोटं जागा सोडा. भाऊ हसला. केसाच्या जाडीवर ज्याचं पोट चालतं त्याला चार बोटं म्हणजे शिवीच. त्याने इंजिनाची मापं घेतली, साचा केला आणि भोकात एकसंध प्लास्टरचा बोगदा ओतला, इंजिन अगदी बसेल असा. दोन दिवस सुकवला. आतून काचेसारखा गुळगुळीत. गवंडी बघायला आला तेव्हा त्याला आत बोट फिरवून बघायला लावलं.

आईला मात्र यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. तिच्या कानाशी भिंत फुटली, उशीवर विटांची धूळ पडली, तरी तिने विचारलं नाही. ठोकाठोकी चालू असताना ती डोळे मिटून पडून राहायची. मी ओळखलं, कानोसा घेते आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला चाचणी घेतली. भावाने पेटी आईच्या पांघरुणावर आणून ठेवली आणि म्हणाला, "सोड." आईने पेटीकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, आणि बटण फिरवलं. बैठकीत गाडी स्टेशनातून हलली, पूल ओलांडून भिंतीत शिरली. मी आईपाशी उभी होते. भोकातून घरघर आली, मग कट्ट असा आवाज, आणि इंजिन एकटंच बाहेर येऊन उशीपाशी थांबलं.

"डबे कुठे टाकून आलास?" आईने विचारलं.

डबे भिंतीत होते. रूळ भिंतीतच वळत होते, आणि वळणावर लांब डब्याचं पोट आतल्या बाजूला येतं. इंजिन आखूड, ते सुटलं. डबा अडकला आणि कडी निसटली. चाळीस वर्षं अर्ध्या केसाचा हिशेब करणाऱ्याने फक्त इंजिन मोजलं होतं. भाऊ मटकन स्टुलावर बसला, औषधांच्या बाटल्यांसकट. बोगदा फोडायचा तर वरच्या विटा खाली येणार, आणि नवा ओतला तर सुकायला दोन दिवस. माणसं सहाला येणार. तो म्हणाला, राहू दे, या वर्षी गाडी बाहेरच फिरवू. म्हणजे पेटीही बाहेर. तो काय बोलतो आहे ते त्याला बोलून झाल्यावर कळलं.

आई म्हणाली, "माझी कवळी पहिल्यांदा टोचत होती तेव्हा काय केलं होतंस? फोडली होतीस?"

"तेव्हा कागद लावला होता."

"मग लाव की. भिंतीला काय दात नाहीत म्हणून लाजतोस?"

त्यांच्या धंद्यात एक पातळ निळा कागद असतो. कवळी घालून रोगी तो चावतो, जिथे दात जास्त उंच तिथे निळा ठिपका उमटतो, आणि ठिपका तेवढा घासायचा. भाऊ उठला तो धावतच मागच्या खोलीत गेला. डबा उलटा ओढून काढला, त्याच्या कुशीला निळा कागद चिकटवला आणि बैठकीतून काठीने हळूहळू आत सरकवला. आता बोगद्याच्या आत उमटलेले ठिपके बघणार कोण? बोगद्याचं तोंड आईच्या डोळ्यांसमोर, तेही नेमक्या उंचीवर. आपल्याला वाकावं लागतं, ती पडल्या पडल्या थेट आत बघत होती.

पुढचे दोन तास आमच्या घरात भिंतीची कवळी बसवायचं काम चाललं. भावजय बैठकीतून डबा ढकलायची, आई आतून सांगायची, "डावीकडे, खाली, मसुराएवढा," आणि भाऊ पलंगाशेजारी गुडघे टेकून घासायचं छोटं मशीन बोगद्यात घालायचा. मी टॉर्च धरला होता आणि हात हलतो म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. आईच्या डोक्यावर टॉवेल, भुवया प्लास्टरच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या. मध्येच भाऊ सवयीने म्हणाला, "जास्त दुखत नाही ना?" आई म्हणाली, "भिंतीला विचार."

साडेपाचला पहिला डबा सुटला. दुसऱ्यासाठी आणखी थोडं घासलं. तिसरा न घासताच गेला, तेव्हा भावजयीने काठी टाकली आणि तोंड धुवायला गेली.

सहाला बैठक भरली. समोरचा शिंपी, वरची नर्स, तिची मुलं, कोपऱ्यावरचा पोस्टमन. आईच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, पण तिथून तिचे पाय तेवढे दिसत होते. गाडी सुटली. चर्चला वळसा घातला, बेकरीच्या सावलीतून गेली, पुलावर आली आणि तिन्ही डब्यांसह भिंतीत शिरली. मुलं भोकाशी डोळे लावून उभी.

गाडी परत येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीपलीकडे नर्सच्या धाकट्या मुलीचा आवाज आला. ती मागून कधी खोलीत शिरली होती कोण जाणे. आई तिला प्रत्येक डब्यात कोण बसलं आहे ते सविस्तर सांगत होती, आणि पहिल्याच डब्यात प्रवासी पुष्कळ होते. शिंप्याने भावाला हळूच विचारलं, "अडकली का हो?"

भावाच्या नखांत प्लास्टर होतं, शर्टावर निळे डाग. हात मागे बांधून तो भोकाकडे बघत होता.

"अडकली नाही," तो म्हणाला. "आईने थांबवली आहे."