कूलरच्या खोलीतला गहू

जयपूरला चिवडा सादळत नाही. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा या शहराबद्दल मला कळलेली ही पहिली चांगली गोष्ट. एकदा चिवड्याच्या डब्याचं झाकण लावायचं राहिलं आणि आम्ही गावी जाऊन आलो, तर चिवडा आपला होता तसा कुरकुरीत. तेव्हापासून घट्ट झाकणांवरचा माझा विश्वासच उडाला. बिस्किटांच्या पुड्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला की माझं काम संपलं.

अर्थात इथे वेगळे ताप आहेत. सकाळी आणलेली कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळली नाही तर दुपारी तिची सुतळी होते. लिंबांचे गोटे होतात, म्हणून ती मी पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवते. बाजरीचं पीठ उन्हाळ्यात बघता बघता कडू होतं, म्हणून ते थोडं थोडं दळून आणायचं. हे सगळं मी खातीपुऱ्यातल्या शेजारच्या भाभीजींकडून शिकले, थोडं शिव्या देत देत नुकसानातून शिकले. पण वर्षाची बेगमी वगैरे मी कधी केली नाही. कोपऱ्यावर किराणा आहे, तिथून लागेल तसं आणायचं. हल्ली तर मुलगी मोबाइलवर बोट फिरवते आणि चहाला आधण येईपर्यंत साखर दारात येते.

अशा घरात सासूबाई राहायला आल्या. त्या चिपळूणच्या. सासरे गेल्यावरही त्या तिथे एकट्याच राहत होत्या आणि त्यांना ते पसंत होतं. पण पावसाळ्यात मागच्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण फुलं मागायला येईपर्यंत तशाच पावसात पडून राहिल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. माझा नवरा रजा टाकून गेला आणि त्यांना घेऊनच आला. येताना त्यांनी त्याला बजावलं होतं, "पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बघते. नुसतं बसून खायची वेळ आली तर मी परत जाणार. मला अडवायचं नाही."

दिवाळीपर्यंतचा काळ म्हणजे आमच्या घरावर टांगलेली तलवारच होती. नवरा दिवसभर रेल्वेच्या ऑफिसात माणसांची समजूत घालतो, पण आईपुढे त्याचं काही चालत नाही. त्या परत गेल्या तर पुन्हा कधी पडतील आणि तेव्हा फुलं मागायला कोणी येईल का, या विचाराने तो जेवता जेवता थांबायचा. मलाही त्यांनी राहावं असं वाटत होतं. पण आमचं दोघींचं पटत होतं असं मात्र कोणी समजू नये. माझे चिमटे लावलेले पुडे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे काय, घर आहे की दुकान?"

त्यांना काम द्यायची युक्ती नवऱ्याचीच. वैशाखात त्याने घरात वर्षाचा गहू आणला. सगळं जयपूर त्या दिवसांत गहू भरतं, भाभीजींच्या गच्चीवर तर चालायला जागा नसते. नवरा म्हणाला, "आई, आता कोठीघर तुझ्याकडे. हिला त्यातलं काही कळत नाही." हे शेवटचं वाक्य युक्तीचा भाग होता असं तो अजूनही म्हणतो.

सासूबाईंचा जन्म तांदळात गेलेला. गहू त्यांच्या घरी सणापुरता यायचा. पण धान्य म्हणजे धान्य, असं म्हणून त्यांनी पदर खोचला. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून गव्हाला ऊन दाखवलं. संध्याकाळी गरम गरम भरायला मी निघाले तर माझ्या हातावर चापट मारली. धान्य पुरतं निवल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर आत घाम सुटतो. मग थरात कडुलिंबाचा सुकवलेला पाला, चिपळूणहून आणलेले बिब्बे. तूरडाळीला एरंडेलाचा हात. आमसुलं बरणीत, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा. मुलगी म्हणाली, "आजी, पण एवढं का भरून ठेवायचं? मतलब, ऑर्डर केलं की येतंच ना!" त्यावर त्या म्हणाल्या, "आणि नाही आलं तर?" मुलीला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारला असावा.

त्या दिवसांत त्या खूश होत्या. सकाळी उठून कोठीघराची फेरी, डबे हलवून बघणं, वास घेणं. फक्त एका गोष्टीची त्यांना रुखरुख होती. इथे लढायला कोणी नव्हतं. चिपळूणला आषाढ लागला की मीठ पाझरायचं, काडेपेटी पेटायची नाही, पिठाला हात लावला तर चिकटायचं. जन्मभर त्यांनी ओलीशी दोन हात केले होते. इथे मीठ कसं खडखडीत! "इथली हवा म्हणजे आयतं आहे गं सगळं," असं त्या जरा नाराजीनेच म्हणत. मीही माझं चिवड्याचं पुराण लावत असे. त्याचा परिणाम असा झाला, की गव्हाच्या कोठीचं जड झाकण उचलताना मनगट दुखतं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं आणि वर नुसतं फडकं बांधलं. चिपळूणला जीव गेला तरी त्यांनी असं केलं नसतं.

आमचं कोठीघर म्हणजे जिन्याखालची पश्चिमेची खोली. ज्येष्ठात तिची भट्टी झाली. पत्र्याच्या कोठीला हात लावला तर चटका बसायचा. सासूबाई अस्वस्थ झाल्या. एवढ्या उष्णतेत गव्हात किडे होणार, त्याला थंड जागा हवी. घरातली थंड जागा एकच होती, मागची खोली, जिच्या खिडकीत कूलर आहे.

मी म्हटलं, "आई, तिथे नको. कूलरची हवा ओली असते."

"ओली?" त्या कूलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि मला दाखवला. "ही कसली ओल? हात बघ, कोरडा. ओल मला शिकवू नकोस तू."

भिंतीवरून पाणी ओघळल्याशिवाय ओल म्हणायचं नाही, अशा गावच्या त्या. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्याही चढ्या आवाजात म्हणाल्या, "कोठीघर माझ्याकडे आहे की नाही?" नवऱ्याने त्यांच्या मागून मला खूण केली. मी हात झटकले आणि कोठीचं एक टोक धरलं. आधी गहू पोत्यांत उपसला, मग कोठी हलवली, मग परत भरला. कोठी ठेवली ती बरोबर कूलरच्या झोतात, खूप थंडावा मिळावा म्हणून. उरलेला ज्येष्ठ कूलर दिवसभर त्या गव्हावर वारा घालत राहिला.

त्यांचा नियम असा, की महिन्याचा गहू एकदाच काढून घ्यायचा आणि तो संपेपर्यंत कोठीला हात लावायचा नाही. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. आषाढातल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात मिरच्यांचे देठ खुडत होते, देठ काढले की मिरची जास्त टिकते. सासूबाई मागच्या खोलीत गेल्या आणि तिथून त्यांची हाक आली. मी घाबरून धावले. त्या दारात उभ्या होत्या, डोळे मिटलेले, आणि चेहरा इतका फुललेला की असा मी तो जयपुरात कधी पाहिला नव्हता.

"अगं, चिपळूणचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

मीही नाक ओढलं. कुबट, ओलसर, बंद पोत्यासारखा वास होता. मला तो अजिबात आवडला नाही. त्या मात्र अजून एकदा खोल श्वास घेऊन थांबल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. डोळे उघडले. त्या कोठीपाशी गेल्या, फडक्याची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. फडकं दमट होतं. वरच्या गव्हाची ढेपळं झाली होती, कूलरच्या बाजूने तर हिरवट बुरशीचा थर पत्र्याला धरला होता. आत हात घातला तर टोके किडे हातावर चढले.

त्यांनी हात धुतले आणि जाऊन खाटेवर बसल्या. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला एवढंच म्हणाल्या, "माझं तिकीट काढ. दिवाळीपर्यंत थांबायचं काही कारण नाही."

नवरा म्हणाला, "सगळ्या गाड्यांना वेटिंग आहे." जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाच्या तोंडी ते इतकं खोटं वाटलं की मुलगीसुद्धा हसू दाबत आत गेली.

"वेटिंगचं काढ. मी थांबते वेटिंगवर."

तो माझ्याकडे बघायला लागला. समजूत घालावी, गोड बोलावं, अशी त्याची अपेक्षा होती. मला गोड बोलता येत नाही. शिवाय मला खरोखर संताप आला होता. एवढा गहू वाया गेला म्हणून नव्हे. चिपळूणच्या पावसात एकटी पडून राहिलेली ही बाई बुरशीच्या एका थराला भिऊन परत तिथेच निघाली होती, म्हणून.

मी म्हटलं, "जा खुशाल. पण आधी तो गहू निवडायचा. नासवायचा तुम्ही आणि उपसायचा मी, हे चालणार नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी लवकर उठ."

पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन चांगलं लागलं होतं. आम्ही गहू गच्चीवर नेला. बुरशी आलेला आणि त्याला लागून असलेला सगळा वेगळा काढला. तो पोत्यात भरताना भाभीजी त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "गाय को डाल दो, माताजी." सासूबाई म्हणाल्या, "हम नहीं खाएंगे वो गाय को क्यों?" आणि पोत्याचं तोंड आवळून टाकलं. बाकीचा गहू, खालचा आणि भिंतीकडचा, बरा निघाला. त्यात नुसते टोके होते. तो उन्हात पातळ पसरला की टोके आपणहून चालते होतात. मग चाळायचा, पाखडायचा. त्या सूप धरून बसल्या, मी चाळणी. त्यांच्या सुपातून धान्य उडून परत सुपातच कसं पडतं आणि कचरा तेवढा बाहेर कसा जातो, हे मला अजून जमलेलं नाही.

भाभीजी कठड्याला रेलून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "कूलर के कमरे में तो हम नमक भी नहीं रखते. बहूजी को तो पता होगा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "पता था. इसने बोला था मेरे को," त्या म्हणाल्या. "मैंने ही नहीं सुना."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, एखाद्या तरी बाबतीत. ते आलं तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही. मी उगाच चाळणी जोरात हलवली आणि म्हटलं, "माझ्याच बढायांपायी तुम्ही झाकण काढून ठेवलंत, आई. दोघींनी मिळून नासवलाय."

"तेही खरंच," असं म्हणून त्या पुन्हा पाखडायला लागल्या. दुसरं कोणी असतं तर नाही नाही म्हणालं असतं.

गहू निवल्यावर कोठी जिन्याखालच्या खोलीत परत गेली, या वेळी विटांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. झाकण मी उचलायचं असं ठरलं. त्यांनी झाकणाच्या फटीवर कापडाची पट्टी गुंडाळली, चिपळूणला पिंपाला गुंडाळायच्या तशी. गाठ मारता मारता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी एवढा नको घ्यायला. निम्मा पुरे. आणि तांदूळ घेऊ थोडा, त्याचं मला कळतं."

नवरा जिन्यात उभा होता. पुढचं वर्ष त्यानेही ऐकलं. पण तो साधा माणूस, खात्री केल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याने दबकत विचारलं, "मग आई, तिकिटाचं काय करू?"

"ते राहू दे. माझी खाट मागच्या खोलीत घे."

"कूलरच्या? आई, तिथे ओल असते. हिनं सांगितलंय ना. तुझे गुडघे धरतील."

"धरू देत. त्या खोलीत मला झोप लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मी काय गहू आहे, खराब व्हायला?"

मी खाटेचं एक टोक धरलं.