मागच्या खोलीत वाजलेला कॉर्डलेस

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. आमच्या माहेरी आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हारा, टाक, अंगारे-धुपारे सगळं घराबाहेर गेलं ते गेलंच. लहानपणी आईला विचारलं, "भूत असतं का गं?" की ती म्हणायची, "असंल तर म्हनावं ये, पानी भरू लाग." अशा घरात वाढलेली मी, आणि सासरी सासऱ्यांनीही तेच केलेलं. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय... पण माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल, शकूताईंबद्दल, कधीतरी लिहायचंच होतं, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर ही गोष्ट टाळून चालणार नाही.

१९९६-९७ चा सुमार. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेर श्रीरामपूरजवळचं बेलापूर, सासर भिंगार — नगरला लागूनच, कॅम्पाच्या अलीकडे. घर एक, पण बांधणी तीन तऱ्हांची. पुढचा भाग सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लष्करी वर्कशॉपात नोकरीला असताना काळ्या दगडात बांधलेला. भिंती इतक्या जाड की खिडकीत माणसानं मांडी घालून बसावं. त्यावर मोठ्या दिरांसाठी स्लॅबचा मजला चढला. मधल्या दिरांच्या लग्नाला बाजूला दोन खोल्या निघाल्या. आणि अगदी शेवटी, पाण्याच्या टाकीमागे, आमच्या वाट्याला आली मागची खोली. तीन भाऊ, तीन बायका, पोरंबाळं, तीन चुली — आणि फोन एक. तो बैठकीत, आबांच्या खुर्चीच्या हाताशी.

आता ज्यांनी नव्या सुनेचे दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. आई दर रविवारी बेलापूरच्या एसटीडी बूथवरून फोन करायची. मी धावत बैठकीत यायची. आबा पेपर वाचत असायचे, म्हणजे पेपर धरून असायचे. "बरी हायेस का?" "हो, बरी आहे." "समदे बरे?" "हो, बरे आहेत. तू?" "मी बरी हाय." संपला फोन. आबा माणूस वाईट नव्हते हो, पण त्यांच्यासमोर आईशी बोलायचं काय? तीन-चार वाक्यं झाली की मी रिसीव्हर ठेवून पुन्हा भाकरी थापायला बसायची.

हे फक्त शकूताईंच्या लक्षात आलं. बाई मोठी वस्ताद. शिक्षण सातवी, आवाज खणखणीत, जीभ तिखट — बाजारात कोथिंबीरवालीसुद्धा त्यांना बघून जुडी मोठी बांधायची. त्यांनी एका सकाळी जाहीर करून टाकलं, "या घरात कॉर्डलेस पाहिजे. प्रत्येक बाईला आपल्या खोलीत बसून आपल्या आईशी बोलता आलं पाहिजे."

मधल्या दिरांना असल्या यंत्रांची भारी हौस. नगरच्या एका दुकानदाराशी त्यांची ओळख होती. त्यांनी घरी लावून बघायला तीन सेट आणले, आणि खोक्यावरचे रेंजचे आकडे वाचून दाखवायला लागले. शकूताईंनी खोकं हातातून काढून घेतलं.

"हे मैदानातलं लिहिलंय भावजी. आपल्या घरात मैदान कुठं आहे? ही आबांची भिंत बघा अन् मग बोला."

मग सुरू झाली परीक्षा. बाई कमरेला पदर खोचून रिसीव्हर कानाला लावून घरभर फिरल्या — स्वयंपाकघरात, धुण्याच्या दगडापाशी, गच्चीवर पापडांच्या खाटेजवळ. "टूं येतंय... येतंय... गेलं!" गेलं म्हटलं की तिथल्या भिंतीवर मुलांच्या खडूनं फुली. जिथं जिथं बाई दिवसाकाठी बसते, उभी राहते, ती जागा त्यांनी तपासली. बाप्यांच्या जागा? "ते काय, बाहेर जाऊन कुठंबी बोलतील."

पहिला सेट काळा, हातभर अँटेनाचा. आवाज काय दमदार! सगळीकडे पोचला. पण मध्येच त्यात कुठल्यातरी साहेबाच्या घरचं बोलणं घुसायला लागलं. एक बाई दुसरीला तिसरीच्या चुगल्या सांगत होती. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून ऐकत बसलो. मजा आली. पण शकूताई एकदम गंभीर झाल्या. "त्यांचं आपल्याला येतं, म्हणजे आपलं त्यांना जात असणार. बैठकीतनं सुटलो अन् चावडीवर पडलो. नको." तो सेट त्याच दिवशी परत.

दुसरा पांढरा, छोटासा, हातात धरायला गोड. पण दगडी भिंतीपुढं त्यानं हात टेकले. माझ्या खोलीत तर साधं टूंसुद्धा नाही. तिसरा करडा, ठोकळ्यासारखा. तो बराच चालला, फक्त मागच्या खोलीत येता येता मरायचा. शकूताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "यंत्र नाही, जागा चुकतेय. वायर जोडायचा डबा बैठकीत कशाला? जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवू, घराच्या पोटात. तिथनं सगळ्यांना सारखाच लांब."

पण आबांच्या हाताशी असलेला फोन हलवायचा कसा? मला वाटलं, आता महाभारत होणार. शकूताई चहाचा कप घेऊन गेल्या. "आबा, घंटीनं तुमची दुपारची झोप मोडती ना? जिन्यात नेऊन टाकते मेली ब्याद." आबा कित्येक वर्षं त्या घंटीच्या नावानं खडे फोडत आले होते. आता नको कसं म्हणणार? चहा संपायच्या आत परवानगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. बैठकीतली वायर त्यानं तोडली, टोकं मोकळी सोडली, आणि जिन्यापर्यंत पुरेल इतकी वायर आणायला म्हणून गेला तो गेलाच. मधले दीर पांढरा सेट खोक्यात भरून स्कूटरवरून दुकानात परत द्यायला गेले. घाईत त्यांच्या लक्षात आलं नाही की त्यातला हातातला रिसीव्हर माझ्याच खोलीत, खिडकीत राहिलाय. आदल्या दिवशी तपासणी झाल्यावर मीच तिथं ठेवला होता. करडा सेट अजून खोक्यात बंद.

म्हणजे त्या घटकेला आमच्या घरात चालू फोन नव्हताच. हे नीट ध्यानात घ्या, कारण माझ्या तेव्हा ते ध्यानात नव्हतं.

भर दुपार, लख्ख ऊन. मी दोरीवरचे कपडे आणून घड्या घालत होते. तो पांढरा रिसीव्हर वाजला. मला वाटलं, शकूताईंची तपासणी अजून चाललीय. बटण दाबलं.

"सुजाता?"

आईचा आवाज. बैठकीतल्या फोनवर यायचा त्याहून स्वच्छ. खरखर नाही, काही नाही.

"आई! आज रविवार नाही ना?"

"न्हाई गं. बूथवर गर्दी न्हाई म्हनून लावला." मग जरा थांबून, "बसलीस कुठं? तुजे सासरे हायेत का तिथं?"

"नाही आई. मी माझ्या खोलीत आहे. कुणी नाही इथं."

मग तिनं सांगितलं. पोटात गाठ होती. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की काढून टाका, वेळ लावू नका. भाऊ टेम्पोवर सदा बाहेरगावी, त्याला तिनं पत्ता लागू दिला नव्हता. आणि दर रविवारी मला सांगत होती, मी बरी हाय.

"मला न्हाई कापून घ्यायचं. एक बाई पाला देती, तो घेते. तुजं नवं सासर. पोरगी दिली अन् मागनं दुखनं घेऊन आई आली, असं म्हनतील लोकं."

मी अशी ओरडले म्हणता! आयुष्यात आईवर आवाज चढवला नव्हता. पाला काय, लोक काय, मला काय समजतेस, मी मेले का तुला... जे तोंडाला आलं ते बोलले, आणि बोलता बोलता हमसून रडायला लागले. "उद्या पिशवी भरून निघायचं. ऑपरेशन इथं नगरला होणार."

"तुजं ऐकत्याल का गं त्या घरात?"

"शकूताई ऐकतील."

"नक्की?"

"नक्की."

"मग येते," आई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

डोळे पुसत मी जिन्यापाशी आले. शकूताई वायरमनच्या नावानं बोटं मोडत होत्या. मला बघितलं आणि थांबल्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"फोन कुठं आला?" त्यांनी विचारलं.

मी हातातला पांढरा रिसीव्हर दाखवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बैठकीच्या खिडकीकडे. तुटक्या वायरीचं टोक तिथं लोंबत होतं. आतून आबांचा आवाज आला, "सकाळधरनं मेलाय फोन, कवा जोडनार हायेत?" शकूताईंनी रिसीव्हर घेतला, बटण दाबलं, कानाला लावला. मग माझ्या कानाला लावला. टूं नाही, खरखर नाही. काहीच नाही.

कुणीही म्हणालं असतं, पोरगी कपडे आवरता आवरता पेंगली, स्वप्न पडलं. मी स्वतःच तसं म्हणायला लागले. शकूताईंनी मला पायरीवर बसवलं. त्यांचं त्या वेळचं बोलणं मी आयुष्यात विसरणार नाही.

"हे बघ. फोन खरा असेल तर तुझी आई पिशवी भरून बसली असेल. फोन खोटा असेल, तरी आईचं दुखणं खरं असू शकतं. दोन्हीकडनं जायलाच पाहिजे. उद्या पहिल्या गाडीनं आपण बेलापूरला जातोय. आधी आईचं बघू, डबड्याचं नंतर बघू."

असं डोकं किती जणांचं चालतं, सांगा बरं!

मग त्या तशाच आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सुजाताच्या आईचं ऑपरेशन करायचंय, त्या आपल्याकडे राहतील, वर माझ्या खोलीत." विचारलं नाही, सांगितलं. मी दाराआड. आबांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "आजारी मानसाला जिना चढायला लावतीस व्हय? बैठकीत घाल खाट. मी झोपंन कुठंबी."

आबांबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते त्या क्षणी धुऊन निघालं.

दुसऱ्या दिवशी बेलापूरला उतरलो तर आई स्टँडवरच बसलेली. शेजारी पिशवी. आम्हाला बघून म्हणाली, "तुमी कशाला आला घ्यायला? सुजाता म्हनली उद्या ये, निघालेच हुते की!" शकूताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्या मला घेऊन बूथवर गेल्या. बूथवाला म्हणाला, "व्हय, मीच लावून दिला की भिंगारचा नंबर. एका झटक्यात लागला. मावशी लई वेळ बोलत हुत्या, रडत हुत्या."

ऑपरेशन नगरला झालं. गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, अजून रेंगाळला असता तर अवघड होतं. आई महिनाभर आबांच्या बैठकीत होती. दोघं पेपरातल्या बातम्यांवरून भांडायचीसुद्धा. त्यानंतर ती कितीतरी वर्षं ठणठणीत जगली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली.

पांढरा रिसीव्हर शकूताईंनीच दुकानात पाठवला, पाठवताना पदरानं पुसला. का, विचारलं तर म्हणाल्या, "तुझं रडू लागलंय त्याला." आणि मला बजावलं की ही गोष्ट आपल्या दोघींत ठेवायची. "उद्या कुणी त्या प्लास्टिकला हळदकुंकू वाहील. आबांनी दारातनं घालवलेलं आपण तारेतनं आत आणायचं नाही." आज त्या नाहीत, आबा नाहीत, म्हणून लिहितेय. करडा सेट मात्र जिन्याच्या वळणावर बसला आणि आम्हा तिघींनाही आपापल्या खोलीत आपापली आई मिळाली. फुल्या पुसायला मुलांची फौज लागली.

पुढे नवऱ्याला एकदा नाव न घेता विचारलं, तर ते म्हणाले क्रॉस कनेक्शन असेल. असेल. पण क्रॉस व्हायला कनेक्शन तर हवं ना? त्या रिसीव्हरचा डबा दुकानात, वायर तुटलेली. आणि मला भास झाला म्हणावं, तर तोच भास बेलापूरच्या बूथवर आईला कसा झाला? टेलिफोन खात्यातल्या माणसापासून कॉलेजातल्या सरांपर्यंत आडून आडून सगळ्यांना विचारून झालं. एकालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

आईला मी हे अगदी उशिरा सांगितलं, तिच्या शेवटच्या वर्षात. वायर, खोकं, सगळं. वाटलं, चकित होईल. ती शांतपणे ऐकत राहिली.

"तुला नवल नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं की. पन फोन लागला त्याचं काय एवढं? दर आईतवारी तू म्हनायची बरी हाय, बरी हाय. परक्या बाईवानी. मला वाटलं हुतं, आता ही तिकडचीच झाली, हिला कशाला घोर. त्या दिवशी तू माज्यावर वरडलीस. म्हनलं, न्हाई, पोरगी अजून माजी हाय." तिनं माझा हात थोपटला. "म्हनून आले."