पाठमोरे सर

आमच्या क्लासमध्ये दहावीला गणित शिकवणारे सर मुलांकडे पाठ करून शिकवायचे. फळ्यावर लिहिताना सगळेच पाठ करतात, तसं नव्हे. लिहून झालं, प्रश्न विचारला, उत्तर आलं, ते चुकलं, तरी सर फळ्याकडेच तोंड करून उभे. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'पाठमोरे सर' ठेवून टाकलं. एका मुलाच्या आजोबांनी तर मला गंभीरपणे विचारलं, "हे पाठमोरे म्हणजे मूळचे कुठले हो?" मी म्हटलं, "नारायण पेठेतले." सर राहायचे तिथेच, त्यामुळे मी खोटं बोलले असंही नाही.

क्लास माझा होता. कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, चाळीस मुलं आणि दारावर माझ्या नावाची पाटी. शाळेतली नोकरी सोडून मी तो काढला होता. गणित मला येत होतं, पण तीच शंका दुसऱ्यांदा आली की माझा पारा चढायचा, म्हणून मी शिकवणारा माणूस शोधत होते. सर भेटायला आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिडकीच्या गजांकडे बघत म्हणाले, "तीन गोष्टी आहेत. मला हात लावायचा नाही. ठरलेलं काही बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. आणि मी तुमच्याकडे बघत नसेन, तेव्हा मी लक्ष देतोय असं समजायचं."

मी म्हटलं, "अहो सर, लग्न जमवतानासुद्धा माणसं एवढ्या अटी घालत नाहीत."

त्यांनी थोडा विचार केला. "मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे मला कल्पना नाही."

हा किस्सा मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसायचे. मी सांगायचेही छान. किस्सा माझ्या लक्षात राहिला, अटी राहिल्या नाहीत.

मुलांकडे का बघत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "बघितलं की ऐकू येत नाही." मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. मग एकदा मी मागच्या बाकावर बसून तास ऐकला. सर लिहिता लिहिता थांबले. "उजवीकडे शेवटी एक पेन थांबलं. दुसरी पायरी परत सांगतो." उजवीकडे शेवटी शर्वरी बसायची. गणिताचं पुस्तक उघडलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि शाळेत तिनं कधी हात वर केला नव्हता. सरांकडे तिला हात वर करावाच लागला नाही. तेच उदाहरण त्यांनी चार वेळा सांगितलं, चारही वेळा एकाच पट्टीत. आवाजात 'आता तरी कळलं का' नव्हतं. माझ्या आवाजात ते कायम असायचं.

आपल्याला जे जाणवतही नाही, ते सरांना टोचायचं. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी ते ब्लेडनं उसवून टाकायचे. मार्करच्या वासानं त्यांचं डोकं धरायचं, म्हणून आमच्याकडे साधा फळा आणि खडू राहिला. डब्यात रोज दहीभात, तोही बिनफोडणीचा, कारण मोहरी दाताखाली आली की त्यांचं जेवणच थांबायचं. एकदा म्हणाले, "मधली ट्यूब ओरडतेय." मी वायरमनला बोलावलं. तो शिडीवर चढला, कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, काही नाही हो." मी सरांच्या पाठीमागून त्याला डोळा मारला. दोघंही हसलो. सरांनी मुकाट्यानं ट्यूब बंद केली आणि खिडकीच्या उजेडात तास घेतला. ते पाठमोरे होते, त्यांना काही दिसलं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

गणपतीचे दहा दिवस म्हणजे नारायण पेठेत त्यांच्या जिवाला घोर. आधी दीड-दोन महिने ढोलांचा सराव, मग प्रत्यक्ष उत्सव. सर मोठ्या बहिणीबरोबर राहायचे. एका वर्षी त्या ताईंचा फोन आला. "तुमच्या क्लासमध्ये दहा दिवस झोपू द्याल का त्याला? इथे कानावर उशी बांधून बसतो हो, जेवतसुद्धा नाही." मग त्याच म्हणाल्या, "लहानपणी याला हट्टी म्हणून मार खावा लागला. आता डॉक्टर सांगतात, ऑटिझम आहे, जन्मापासूनच आहे. हे कळल्यावर काय म्हणाला, माहितीये? 'म्हणजे मी उद्धट नाही.'"

मी सरांना क्लासची किल्ली दिली. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालं, आणि तेही मी सोसायटीभर सांगितलं. "आम्ही सांभाळून घेतो हो त्यांना," असं म्हणायचे. कोण कोणाला सांभाळत होतं, ते दहावीच्या निकालात दरवर्षी दिसत होतं. क्लासच्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो असायचे, मध्ये माझा मोठा फोटो असायचा, आणि सरांचा कुठेच नसायचा.

शर्वरीच्या वर्षी निकाल फारच चांगला लागला. तिला गणितात चौऱ्याण्णव मिळाले. आम्ही एक सभागृह घेतलं, पालक बोलावले, फोटोग्राफर ठरवला. मुलांचे सत्कार झाल्यावर सरांचाही करावा, असं माझ्या मनात आलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. आणि आधी सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ते येणारच नाहीत. आपल्याकडे कुणाचं भलं करायचं म्हटलं की त्याच्या अंगावर शाल टाकल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. खरं सांगायचं तर मला सरांचा सत्कार करायचाच नव्हता. गुणी माणसाची कदर करणारी बाई म्हणून मला दिसायचं होतं.

सर मागच्या दाराजवळ उभे होते. मी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं. दोन मोठ्या मुलांनी त्यांना जवळजवळ ढकलतच व्यासपीठावर आणलं. डोळ्यांवर दिवे, टाळ्या, कुणाची तरी शिट्टी. मी शाल उलगडली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकून दोन्ही हातांनी दाबून बसवली.

सर ओरडले. त्यात शब्द नव्हते. शाल भिरकावली, दोन्ही कान दाबले, नारळ घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि सर धावत बाहेर गेले.

 मग पहिल्या रांगेतले एक वडील उभे राहिले. त्यांच्या मुलानं आमच्या क्लासला नुकताच प्रवेश घेतला होता. "मॅडम, हा मनुष्य आमच्या मुलांना शिकवतो?"

माझ्या हातात माइक होता. समोर चाळीस मुलं होती आणि त्यांना उत्तर माहीत होतं. मी हसले. म्हटलं, "छे छे! शिकवते मीच. ते आपले नोट्स उतरवून द्यायला येतात. जरा तसे आहेत, आपण सांभाळून घेतो."

पालक हसले. मुलं हसली नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या. माझी लाज वाटून घातल्या होत्या, हे मला तिथंच कळलं, आणि तरीही मी पुढचं नाव पुकारलं. शर्वरी तेवढी उठली, सरांची पिशवी घेतली आणि बाहेर गेली. नंतर तिनंच मला सांगितलं, "बाई, सर जिन्यात बसले होते. तिथे स्पीकर आहे, तुमचं बोलणं ऐकू येतं." तिनं मला त्याआधी कधी 'मॅडम'शिवाय हाक मारली नव्हती. पुढे ती पेढे द्यायलाही आली नाही.

सोमवारी सर नेहमीच्या वेळेला, पावणेचारला, हजर. नव्या मुलांच्या समरूपतेच्या धड्याचे सहा तास उरले होते. त्यांनी ते घेतले. फळ्याकडे तोंड करून, त्याच पट्टीत. ज्या वडिलांनी प्रश्न विचारला होता, त्यांचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसून उतरवून घेत होता. सहा दिवस होते माझ्याकडे. रोज मी शेजारच्या खोलीत बसून शब्द जुळवायचे आणि रोज सर निघाले की फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलल्यासारखं करायचे. तोंडाची वाफ दवडण्यात माझा जन्म गेला, आणि दोन वाक्यं जुळेनात. पुढच्या सोमवारी सर आले नाहीत. माझ्या टेबलावर क्लासची किल्ली होती आणि तिच्याखाली पुढच्या तीन धड्यांच्या नोट्स. नोट्सवर नेहमीप्रमाणे माझं नाव होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी नारायण पेठेत गेले. ताईंनी दार उघडलं. माझ्याकडे बघून 'या' म्हणाल्या, 'बसा' म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीत सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, पंखा बंद होता. मी समोर जाऊन उभी राहिले. माफी मागताना माणसाच्या डोळ्यांत बघावं, अशी माझी समजूत. सरांनी मान फिरवली, मी त्या बाजूला गेले. त्यांनी पुन्हा फिरवली.

"तुम्ही माझ्याकडे बघताय," सर म्हणाले. "असं केलं तर मला ऐकू येणार नाही."

ताईंनी एक स्टूल उचललं आणि सरांच्या खुर्चीच्या मागे, उलट तोंडानं ठेवलं. मी बसले. आता माझी पाठ त्यांच्या पाठीकडे होती आणि समोर दाराची कडी होती. त्या कडीकडे बघून मी बोलले. ट्यूबखाली मारलेला डोळा सांगितला. लोकांना हसवलेला किस्सा सांगितला. "तुम्ही आदल्या दिवशी सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. हात लावू नका म्हणाला होतात, मी लावला. शिकवत तुम्ही होतात आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मला फीची, क्लासची, नावाची भीती वाटली. मला लाज वाटते, सर." चेहरा लपवायला जागा होती म्हणूनच ते बोलता आलं. इतकी वर्षं चाळीस मुलं याच माणसाच्या पाठीशी न घाबरता कशी बोलत होती, हे मला त्या स्टुलावर कळलं.

माझं बोलून झालं. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारली, ती सुरू झाली, दूर गेली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"ऐकलं," सर म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं ताईंनी मला मानेनं खूण केली, की निघा आता. सरांचं बोलून झालं होतं.