ट्रकमधलं गुंतवळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. आयुष्य मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये गेलं. अमावस्येला नखं कापू नकोस असं कुणी म्हटलं की मी मुद्दाम त्याच दिवशी नेलकटर काढायचो. त्यामुळे पुढचं वाचून "काकांचं वय झालं" असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं... मीही तेच म्हटलं असतं. फक्त जेवताना वाचू नका.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. इलिनॉय, रॉकफर्डपासून पंचवीसेक मैल पश्चिमेला, चारी बाजूंनी मक्याची शेतं आणि मध्ये आमचं भाड्याचं घर. मी एका पंपाच्या कारखान्यात होतो. शैलाला, माझ्या बायकोला, नववा महिना लागलेला. बाळ पायाळू होतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं — कळा सुरू झाल्या की वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आमची छोटी कार त्या बर्फात काही कामाची नव्हती, म्हणून शेजारच्या डेलकडून मी त्याच्या वारलेल्या भावाचा जुना डिझेल पिकअप ट्रक घेतला होता. चारही चाकं ओढणारा, दणकट. फक्त थंडीत चालू व्हायला रडायचा. पाच-सहा वेळा स्टार्टर मारायचा, मग पांढरा धूर ओकत कसाबसा सुरू.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात. थंडीत आतली हवा तापवायला प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा हीटर असतो, तो ग्लो प्लग. ह्या ट्रकला आठ होते. जुने झालेत, बदलू, आणि वायरच्या टोकांचे कनेक्टरही नवे घालू, असं ठरवून एका शनिवारी दुपारी मी बॉनेट उघडलं.

पहिला कनेक्टर ओढला आणि हात झटकला. रबरी टोपीच्या आत केस होते. उंदरांनी ओढून आणलेला कचरा नव्हे... गुंतवळ! बायका विंचरल्यावर कंगव्यातले केस बोटाभोवती गुंडाळतात, शेवटचं टोक आत खोचतात, त्यावर थुंकतात आणि मग टाकतात, ते. अर्धे पिकलेले, तेलकट, मुळाशी कोंडा चिकटलेला. आठही कनेक्टरमध्ये एकेक, एकाच मापाचं. आणि ओलं. गॅरेजमध्ये माझ्या चहाचा कप गोठला होता, पण ती गुंतवळं आत्ताच कुणीतरी थुंकल्यासारखी ओली होती.

मग मी काय केलं असेल? स्वयंपाकघरात जाऊन शैलावर ओरडलो. लाज वाटते, पण केलं खरं.

"केस कुठे टाकतेस तू? ट्रकमध्ये?"

ती मासे साफ करत होती. तिने शांतपणे स्वतःची वेणी पुढे घेतली. काळीभोर. मग माझ्या हातमोज्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"खोबरेल आहे हो हे. खवट झालेलं."

शैला मालवणची. खोबरेल तिला शिकवायला नको. पण इलिनॉयच्या शेतकऱ्याच्या ट्रकमध्ये खोबरेल लावलेले केस आले कुठून? डेलला फोन केला तर तो खो खो हसला. भाऊ अविवाहित, डोक्यावर वयाच्या तिशीपासून एक केस नाही, आणि बॉनेट उघडायचा त्याला कंटाळा. "चालू होतोय ना? मग कशाला हात लावतोस?" हा त्याचा सल्ला.

मी चिमट्याने सगळी गुंतवळं कचऱ्याच्या पिशवीत टाकली. नवे प्लग बसवले, नवे कनेक्टर दाबले. धातूला धातू, लखलखीत काम. किल्ली फिरवली... नाही. रविवारी डेल टेस्ट लॅम्प घेऊन आला. आठही कनेक्टरवर दिवा लागला, म्हणजे करंट नीट पोचत होता. बॅटऱ्या चार्ज केल्या, इंजिनाचा हीटर रात्रभर लावून ठेवला, डिझेल तपासलं. इंजिन गरगर फिरायचं, पण पेटायचं नाही. आधी निदान रडत तरी चालू व्हायचा. आता धूरसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शैलाला कळा सुरू झाल्या. रात्रभर बर्फ पडलं होतं. अँब्युलन्सवाले म्हणाले, रस्ता साफ झाल्याशिवाय येता येणार नाही, दीड-दोन तास धरा. डेल त्याचा ट्रॅक्टर घेऊन बर्फ काढायला कुठल्या टोकाला गेला होता कोण जाणे. मी ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवत होतो आणि देव न मानणारा माणूस जे पुटपुटतो ते पुटपुटत होतो.

शैला गॅरेजच्या दारात आली. दाराला धरून उभी.

"ते परत घाला."

"काय?"

"ते केस. होते तेव्हा चालू होत होता ना?"

"शैला, केसांतून करंट जात नाही. उलट अडतो. हे साधं—"

"तुमचं लॉजिक नंतर सांगा हो. आधी घाला!"

मी कचऱ्याची पिशवी बर्फावर पालथी केली. चहाचा चोथा, कांद्याची सालं, माशांची खवलं आणि आतडी, सगळं दगडासारखं गोठलेलं. त्यात ती गुंतवळं मऊ, ओली. जाड मोजे घालून ती उचलता येईनात, म्हणून मोजे काढावे लागले. आयुष्यात इतकी शिसारी मला कशाची आली नाही. सात सापडली. आठवं काही केल्या मिळेना. सातही कनेक्टरमध्ये कोंबली, प्लगवर दाबली. किल्ली फिरवली. एकदा धूर आला आणि बंद.

शैला खाली बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक. तिने डोक्यातून बोटं फिरवली, निघालेले केस बोटाभोवती गुंडाळले, टोक खोचलं, थुंकली आणि ते माझ्यापुढे धरलं.

मी नको म्हणालो नाही. घेतलं आणि आठव्यात घातलं.

ट्रक पहिल्याच झटक्यात चालू झाला. ना धूर, ना खडखड. भर उन्हाळ्यात नवी गाडीसुद्धा तशी चालू होत नाही. गाडीत सगळीकडे खवट खोबरेलाचा वास पसरला. मी खिडकी उघडली. बर्फ आत येत होतं, तरी वास हटेना. शैला रस्ताभर डोळे मिटून होती.

वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पंधरा दिवसांनी ट्रक भंगारात दिला. देण्याआधी शैलाचं तेवढं काढून घ्यावं म्हणून बॉनेट उघडलं. आठवा कनेक्टर कुठला हे मला पक्कं माहीत होतं, मागच्या बाजूचा, डावीकडचा. त्यातलं गुंतवळही अर्धं पिकलेलं निघालं. मी बॉनेट बंद केलं आणि शैलाला आजतागायत हे सांगितलेलं नाही.

केस विजेला अडवतात. केस तापले की जळतात. शून्याखाली पाणी गोठतं. ह्या तिन्ही गोष्टी मी त्यानंतरही रोज खऱ्या मानून नोकरी केली. मग तो ट्रक चालू कसा झाला ते मला कळलेलं नाही, आणि इथल्या कुणाला कळेल असंही वाटत नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आली, "डॅड, होल्ड हर" म्हणाली. मी "वन मिनिट" म्हणून सिंककडे गेलो. साबण लावून हात धुतले. परत धुतले. कातडी सोलवटेपर्यंत धुतले, तरी बोटांना तो वास येतच होता. नर्स थांबून थांबून कंटाळली आणि पोरीला पाळण्यात ठेवून गेली.

तीन दिवस मी माझ्या मुलीला हात लावला नाही. सर्दी झालीये, असं सगळ्यांना सांगितलं. शैला पलंगावरून बघत होती. तिने केस घट्ट बांधून वर रुमाल गुंडाळला होता, आणि एकदाही मला "घ्या हो हिला" म्हणाली नाही.