धूमसेनाचा शेवटचा चौकोन

ताई गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मी कुकर लावत होते. भाच्याचं बोलणं ऐकून घेतलं, 'हो, निघते' म्हणाले आणि पुन्हा डाळीत पाणी घालू लागले. रडू आलं नाही. भीती वाटली... अगदी लहानपणची. महिना होत आला, ती भीती अजून गेलेली नाही.

ही भीती मला लावली माझ्या या थोरल्या बहिणीनेच, वच्छलाताईने. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीमजवळच्या मालेगावला राहायचो. मामा एसटीत कंडक्टर. प्रवासी बसमध्ये विसरून गेलेली चित्रकथांची पुस्तकं तो आम्हाला आणून द्यायचा. त्यातच धूमसेन आला. तलवारीतून धूर सोडत राक्षसांशी लढणारा हा वीर अंकामागून अंक वर्षानुवर्षं चालला होता. दुपारी गोठ्याच्या सावलीत ताई मोठ्याने वाचायची आणि पानावरच्या शेवटच्या चित्राच्या चौकोनावर तळहात ठेवायची. "सांग, आता काय व्हते?" मी घाबरून काहीबाही सांगायचे. मग ती सावकाश एकेक बोट उचलायची. मोठी छळवादी होती बाई!

एका अंकात धूमसेन विहिरीत पडून मेला. शेवटचं चित्र रचलेल्या चितेचं. मी त्या दिवशी जेवले नाही. आणि मामाने नंतर आणलेल्या अंकात हा पठ्ठ्या घोड्यावरून हसत चाललेला! माझी बोबडीच वळली. "ताई, हा तं मेला व्हता ना?"

ताईने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "मेलाच हाय. त्याले मालूम नाही अजून."

झालं. मामा कुठलाही अंक आणो, मला त्यात चालतंबोलतं भूत दिसायचं. धूमसेनाची आई त्याला जेवायला वाढायची आणि काटा माझ्या अंगावर यायचा. मी विहिरीवर एकटी जाईना. प्रवाशांनी विसरलेली पुस्तकं ती, नवी आधी आणि जुनी नंतर हाती येत होती, हे कळायला आम्हाला बराच काळ लागला. लेखकाला जमली नसती एवढी भीती आमच्या उलटसुलट वाचण्याने त्या गोष्टीत भरली होती.

ताई मात्र गोष्ट पारखून घ्यायची. खलनायकाचा चेहरा कधी दाखवायचा नाही, दाराच्या चौकटीवर नुसता त्याचा हात, हे तिला फार आवडायचं. पुढे एकदाचा खरोखर नंतरचा अंक आला. कुण्या साधूने जडीबुटी हुंगवली आणि धूमसेन चितेवर उठून बसला. मी टाळ्या पिटल्या. ताईने पुस्तक आपटलं. "लबाडी हाय हे! मेलेले असे उठून राह्यले तं भ्यायचं कायले?" पुढे तो कितीदा तरी मेला, ताईने ढुंकून पाहिलं नाही.

आमची शेवटची भेट वाशीमच्या दवाखान्यात झाली. डॉक्टरांनी घरच्यांना सगळं सांगितलं होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने माझं मनगट धरलं. "शांते, मले भेव लागून राह्यलं."

मला जन्मभर घाबरवणारी ताई हे म्हणत होती. मी घाईने म्हणाले, "अवं, नवं औषध निंगालं हाय. पुढच्या महिन्यात तू घरी..."

"मधात जडीबुटी नोको आणू," ती म्हणाली.

मी औषधाचं तिथेच सोडलं. मग कसंबसं म्हणाले, "मले बी भेव लागते, ताई." तिने मान हलवली, मनगट सोडलं नाही. दोघी बहिणी तशाच भीत बसून राहिलो...

ते दोन्ही अंक माझ्या कपाटात आहेत. परवा चितेचा वाचला. मग साधूचा घेतला. ताई रागावली असती, पण मला या वेळी ती लबाडी हवी होती. त्या पानाशी आले आणि शेवटच्या चौकोनावर माझा तळहात आपोआप गेला. खालचं चित्र मला पाठ आहे. बोटं उचलली की धूमसेन उठून बसणार. ताई उठणार नाही. हात तिथेच ठेवून मी बसून राहिले.