दोरा धरील तो सभासद

दादा जाऊन तीन आठवडे झाले. घरी येणारा प्रत्येक माणूस चहाआधी त्याचा एक किस्सा सांगून जातो. लग्नघरात कोपऱ्यात गाद्या रचतात, तसे हे किस्से साठलेत. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण लिहून ठेवतो.

दादा उमरीत पाट्या रंगवायचा. डोक्यात मात्र राष्ट्रीय कला अकादमी! चित्रं, शिल्पं, सगळं शिकवणारी. आणि ती उमरीतच!

•

अक्षरांआधी सरळ रेघ लागते. निळीची पूड चोळलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणायचा, तिसऱ्यानं मधोमध चिमटीत ओढून सोडायचा. फाट! भिंतीवर निळी रेघ.

एक टोक माझ्याकडे, दुसरं रस्त्यानं जाईल त्याच्याकडे. दादा म्हणायचा, "एक... दोन..." आणि सोडायचा! तीनची वाट बघणाऱ्याच्या नाकावर नीळ.

"झालात अकादमीचे संस्थापक सभासद!"

रिक्षावाले बशीरचाचा असेच सभासद झाले. दिवसभर निळ्या नाकानं सवाऱ्या नेल्या!

•

समोरच्या हॉटेलवाल्या गंगाकाकूंनी दोरा कधीच धरला नाही. "माझ्या हाताला भांडी हायेत! आन् तुझ्या अकादमीला दार तरी हाय का रे?"

"सभासद हायेत काकू. दार येतंयच मागून."

•

उदगीरला एका सभेत दादानं अकादमीसाठी अर्ज दिला. एका साहेबांनी हसून विचारलं, "राष्ट्रीय? तुमच्या राष्ट्रात कोण कोण हाय?"

"सध्या उमरी हाय. उदगीरशी बोलणी चालू हायेत."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं, मी खुर्ची उचलली. दादा हळूच म्हणाला, "संत्या, ठेव ती. आपल्याला खुर्च्याच लागणार हायेत."

•

अकादमीचा पहिला वर्ग नांदेडला, गोदावरीच्या पुलावर. विद्यार्थी मी एकटा. दुपारभर आम्ही पाणी बघत बसलो. ते आधी हिरवं होतं, मग राखाडी, मग त्यात आभाळ उतरलं. वही कोरीच.

"दादा, काढायचं कवा?"

"आधी वाहू दे की!"

•

शेवटी बाजारातल्या एका आडत्यानं रिकामी खोली दिली. अट एकच. महिनाभरात पाटी लागली पाहिजे, नाहीतर खोली दुसऱ्याला.

त्याच आठवड्यात दादाला नांदेडला दवाखान्यात ठेवलं. खाटेवर पडून त्यानं कागदावर अक्षरं आखली. मग बराच वेळ छताकडे बघत राहिला.

"संत्या, एवढं पांढरं हाय बघ. एक बी रेघ न्हाई."

•

काल मुदतीचा शेवटचा दिवस. मी दोरा घेऊन खोलीसमोर उभा. बशीरचाचांनी रिक्षा लावली, एक टोक धरलं. दुसरं धरायला कोणी नव्हतं. तेवढ्यात गंगाकाकू पदराला हात पुसत रस्ता ओलांडून आल्या.

"बघतो काय? दे इकडं!"

मी पहिल्यांदाच मधे. दोरा चिमटीत धरला, ओढला.

"एक," चाचा म्हणाले.

"दोन," काकू म्हणाल्या.

माझी बोटं सुटेनात.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तीन."

"चार," काकू म्हणाल्या.

दोघं मोजत राहिले. दोरा ढिला पडू दिला नाही. कोणी "सोड" म्हणालं नाही.

एकतीसला रेघ पडली. काकूंच्या नाकावर नीळ!